कानबाईचे डोळे

"मायना एक डोळा गया, नाना."

गावाहून सायकलने दूध घेऊन येणाऱ्या भिकनने चरवी ओट्यावर टेकवली आणि मग हे सांगितलं. पितांबरच्या हातातली कमान थांबली. चाक आपल्या जोरावर थोडं फिरलं, मग तेही थांबलं.

"कोनी माय?"

"कोनी म्हंजे? कानबाई. तुमना घरनी. मांगला श्रावनमा नदीवर लई गयथात, तठेच कोठे तरी पडना व्हई. कोनलेच समजनं नही. आते शेवंताबाईनी पेटी उघाडी, नारळ काढं, ते एकच डोळा."

"चांदीना व्हता तो."

"चांदीनाच. तुमना आजाना येळना. आते तठे काजळना टिपका लाई देतीन म्हनतस. एक डोळा चांदीना, एक काजळना." भिकनला हसू आवरेना. "आळीन्या बाया काय म्हनतस माहीत शे? माय डोळा मारी ऱ्हायनी."

पितांबर हसला नाही. त्याच्या हातात वीतभर बांबूची काठी होती आणि काठीच्या टोकाला लाखेने चिकटवलेला दगड. तो त्याने पाण्यात बुडवून उजेडात धरला. तांबूस, सुपारीएवढा, पाठीला घुमटासारखा गोल.

"आनि हाई काय?" भिकनने विचारलं.

"दगड."

"ते दिसस. पन कसाले?"

याचं उत्तर पितांबरजवळ इतकी वर्षं नव्हतं. कुणी विचारलं की तो नुसता खांदे उडवायचा. आज पहिल्यांदा त्याला वाटलं की उत्तर आहे, अगदी ओठावर आहे, आणि तो तोंड उघडून

गाडी आली.

*

दोंडाईचा स्टेशनचा फलाट संपतो त्याच्याही पुढे, रुळांच्या कडेला पंपघर होतं. विहिरीचं पाणी वर टाकीत चढवायचं, टाकी कधी रिकामी होऊ द्यायची नाही आणि इंजिन येऊन उभं राहिलं की त्याला पाणी पाजायचं, हे पितांबरचं काम. पंपघराच्या मागे त्याची खोली. गाडी गेली की तो खोलीत, गाडी आली की रुळांवर. दोन गाड्यांच्या मधे जे उरेल ते त्याचं.

रेल्वेचं नाव बदललं, देश बदलला, पंपघरातल्या बादल्यांवर मात्र जुन्या कंपनीचीच अक्षरं राहिली. त्या खोलीत त्याची बायको तानुबाई जेमतेम दीड पावसाळा राहिली होती. बाळंतपणाला म्हणून गावी गेली आणि बाळासकट तिकडेच गेली. पितांबरने दुसरं लग्न केलं नाही. नाही करायचं असं ठरवलंही नव्हतं. गाड्या येत राहिल्या.

दगडांचं वेड खडीतून आलं. रुळाखाली टाकायची काळी खडी फोडलेली यायची, आणि काळ्या दगडांत मधेच एखादा दुधी, एखादा मधाच्या रंगाचा, एखादा पट्ट्यापट्ट्यांचा तुकडा निघायचा. तो उचलायचा, खिशात ठेवायचा. एकदा सुरतेकडची गाडी चुकलेला खंबायतचा एक अकीकवाला, रंगीत दगड घासून विकणारा, दिवसभर पंपघराच्या सावलीत बसून राहिला. त्याने पितांबरच्या खिडकीतले दगड पाहिले, एक उचलला, थुंकी लावून पुसला आणि म्हणाला, "गीला पत्थर झूठ बोलता है. सुखा के देख."

एवढं एक वाक्य आणि दगड घासायची थोडी कुरुंदाची पूड, इतकंच तो मागे ठेवून गेला. बाकी पितांबरने आपलं आपण जमवलं. फिटरने टाकून दिलेलं झिजलेलं धारेचं चाक एका कण्यावर बसवलं. कण्याला वादी गुंडाळली, वादीची दोन्ही टोकं वाकवलेल्या बांबूला बांधली. उजव्या हाताने ही कमान मागेपुढे ओढली की चाक फिरतं. डाव्या हातात दगडाची काठी. आधी चाकावर घाट द्यायचा, मग बारीक पुडीने ओरखडे काढायचे. शेवटी जुन्या जोड्याच्या ओल्या कातड्यावर, वाटीतल्या पाण्यात सगळ्यात उशिरा खाली बसणारा पुडीचा गाळ लावून घासत राहायचं. घासायचं, पुसायचं, सुकू द्यायचं. सुकला की दगड पुन्हा आंधळा. पुन्हा घासायचं. असं करता करता एक दिवस दगड सुकतो आणि तरी ओलाच दिसतो. तेव्हा तो झाला.

झालेले दगड खिडकीत ओळीने होते. गुळगुळीत, गोल पाठीचे. ते कुणी मागितले नव्हते.

*

कानबाईच्या रोटांचं खानदेशात कुणाला सांगावं लागत नाही. तरी पितांबरच्या घरची रीत सांगायला हवी.

श्रावणातल्या एका रविवारी नारळाला डोळे, नथ लावून कानबाई देवी बसते. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात पडतो. म्हातारा असो की पाळण्यातला, नाव घ्यायचं आणि मूठ टाकायची. त्या गव्हाचे रोट, जाड पोळ्या. ते भाऊबंदांनीच खायचे. शेजाऱ्याला नाही, जावयाला नाही, पाहुण्याला तर नाहीच. एक तुकडा घराबाहेर जाता कामा नये. आणि ज्याच्या नावाचा रोट त्यानेच तो मोडायचा.

पितांबरची मूठ दरवर्षी पडत होती. पण रविवारी पंप कुणावर सोडायचा? एका श्रावणात तो गेला नाही. पुढच्या वर्षी जाऊ म्हणाला. पुढच्या वर्षीही बदली माणूस मिळाला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी, खरं सांगायचं तर, मिळत होता, पण तेव्हा चाकावर एक दगड होता आणि तो अर्धवट सोडवेना. दरवेळी त्याच्या नावाचा रोट फडक्यात बांधून तसाच राहायचा. थोरला भाऊ गेल्यावर घर सांभाळणारी भावजय शेवंताबाई पौर्णिमेपर्यंत वाट पाहायची आणि मग तो तापीत सोडून यायची.

मग एका श्रावणात तिने मूठ टाकली नाही.

कुणी भांडलं नाही. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. भिकनने सहज सांगितलं म्हणून त्याला कळलं. तेव्हा तो "बरं" म्हणाला होता आणि टाकी पाहायला गेला होता, टाकी भरलेली होती तरी.

*

"तर वहिनीले सांग. दोन्ही डोळा मी करस. दगडना."

"दगडना? मायले?"

"देखशी तू. आनि सांग, औंदा मन्ही मूठ घ्या."

"दोन्ही एकसाथे सांगू का येगयेगळं?"

"म्हंजे?"

"म्हंजे आज डोळा सांगस, मूठनं सकाय सांगस. एकसाथे सांगं ते सौदा वाटस, नाना."

"तू सांग रे भो. जसं सांगाव तसं सांग."

दोन दिवसांनी.

"सांगं."

"काय म्हनी?"

"ताक घुसळत व्हती, घुसळतच ऱ्हायनी. मंग म्हने, शनवारले दिवा लागाना पहिले येवा म्हनावं. सोता येवा. तुमना सामने मूठ घेसु. दिवा लागना का दळाले बठनं पडस, मंग माले कोनले थांबता येवाव नही."

"आजून?"

"आजून काय? दूध किती देऊ?"

*

हवा तसा दगड त्याच्याजवळ होता. करंगळीएवढा लांबट, बाहेरून मळकट. टोकाला थोडा घासून पाहिला तेव्हा आत वर्तुळं दिसली होती. मध्यभागी काळपट तांबडा ठिपका, त्याभोवती पांढरं कडं, त्याभोवती राखी. ही वर्तुळं दगडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार जातात. काकडीच्या चकत्या कराव्यात तशा चकत्या केल्या तर प्रत्येक चकतीत तोच डोळा.

तारेची कमान, कुरुंद आणि पाणी. तार दगडात केसाएवढी उतरायची, की

गाडी.

तो उठायचा, टाकीच्या नळाची सोंड इंजिनावर वळवायचा, वाफेत उभा राहायचा. ड्रायव्हर ओरडून काही विचारायचा, तो मान हलवायचा. पाणी भरलं की सोंड मागे. हात पुसून पुन्हा कमान. तार जिथे होती तिथेच होती. दगडाला घाई नव्हती.

पहिली चकती निघाली. ती लाखेवर बसवली. घाट देताना त्याचा श्वास आपोआप चाकाबरोबर येऊजाऊ लागला. पाठ गोल होत गेली तशी वर्तुळं वर आली. एक पांढरी रेघ वाकली, गोल झाली, मिटली. आणि मधला ठिपका बरोबर घुमटाच्या माथ्यावर आला. कातड्यावर घासून, पुसून, सुकवून त्याने तो खिडकीत ठेवला.

डोळा त्याच्याकडे पाहत होता.

"काय?" तो म्हणाला. मग स्वतःच चपापला. कितीतरी दिवसांत त्या खोलीत तो मोठ्याने बोलला नव्हता.

दुसऱ्या चकतीने दगा दिला. आतली वर्तुळांची नळी सरळ नव्हती, किंचित वाकलेली होती. जसजसा घासत गेला तसतसा ठिपका माथ्यावरून सरकत कडेला निघाला. डोळा तिरपा पाहू लागला. त्याला मधे आणायचा तर एका बाजूने जास्त खाली उतरावं लागणार. तो उतरला. थोडं या बाजूने, थोडं त्या बाजूने, परत या बाजूने. ठिपका मधे आला तेव्हा डोळा लहान झाला होता.

शुक्रवारी दुपारी दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा ते दिसलं. फार नाही. पण दिसत होतं.

*

बदलीवर येणारा हिलाल शुक्रवारीच येऊन बसला होता. अमळनेरचा, बडबड्या.

"निंघा ना आते, नाना. आजच निंघा. मी शे ना आठे."

"हाऊ देख."

"देखना. झकास शे."

"दोन्ही देख. एक लहान शे."

हिलालने दोन्ही डोळे तळहातावर घेतले, वर धरले, एक डोळा मिटून पाहिले. "मन्ही बायकोना डोळा यान्हापेक्षा लहान-मोठा शेत. तरी मन्हं सगळं देखस ती."

"तुन्ही बायको देव नही."

"तिले सांगू नका आसं."

पितांबर हसला. पण हात आधीच काठीकडे गेला होता. मोठा डोळा लहान करता येत होता. त्यासाठी तो पुन्हा लाखेवर चढवायचा, झिलई मोडायची, लहानाच्या मापाला आणायचा. एवढंच. आणि एवढंच करताना ठिपका गेला तर दोन्ही गेले.

"शनवार सकायले निंघस," तो म्हणाला. "दुपारलोंग पोचस. दिवा लागाले येळ शे."

हिलालने कपाळाला हात लावला. पितांबरने दिव्यावर लाख धरली.

तो बसला. मालगाडीला पाणी हिलालने पाजलं, पॅसेंजरलाही हिलालनेच. पहिल्यांदाच मधे उठावं लागलं नाही. ती संध्याकाळ त्याच्या आयुष्यात निराळीच होती. चाक फिरत होतं आणि कुणी हाक मारत नव्हतं. एक फेरा. पुसून पाहिलं. अजून एक. पांढरं कडं पातळ झालं, रेघेसारखं झालं. त्याने कमान खाली ठेवली. लहानाशेजारी ठेवून पाहिला. एकसारखे. अगदी जुळे.

असं त्याला कधीच साधलं नव्हतं. त्या रात्री तो गाढ झोपला.

*

शनिवारी सकाळी हिलाल पंपघराच्या बाकावर पोतं पांघरून पडला होता. दात वाजत होते.

"ताप शे," तो म्हणाला. "एक दिन सोडीसन येस. सकाय बरा व्हसू. पन आज नही, नाना. आज हुभं ऱ्हाता येत नही."

पितांबरने त्याच्या कपाळावर हात ठेवला. चुलीवरच्या तव्यासारखं. स्टेशनवर पंप चालवणारा तिसरा माणूस नव्हता.

डोळे कोपरीच्या खिशात, चिंधीत बांधलेले. मालगाडी. टाकी. पॅसेंजर. हिलालला पाणी. टाकी. ऊन उतरायला लागलं.

आता सूप बाहेर आलं असेल.

सोंड वळवली.

आता वहिनीने गहू निवडला असेल. ओसरीवर. कुलदैवताचं नाव घेऊन पहिली मूठ म्हाताऱ्या काकांची, उखर्डूकाकांची.

पाणी सुरू झालं.

मग पुतण्याची. अभिमन. सव्वा मूठ.

फायरमनने हात केला. अजून. अजून.

अभिमनचा थोरला. अभिमनचा पाळण्यातला. ती मूठ घेताना बायका हसतात, कारण ते पोर तेवढ्यात रडतं.

बस. बंद.

थेंब थेंब रुळावर.

आता वहिनी दाराकडे पाहत असेल. पाहत असेल का?

इंजिन शिटी देऊन निघालं. धूर खाली बसला तेव्हा स्टेशनच्या पोर्टरने फलाटावरचा दिवा लावला होता.

*

रविवारी हिलाल सांगितल्याप्रमाणे ठणठणीत होता. पितांबर पहाटे निघाला. थोडी वाट बैलगाडीने, बाकीची पायी. कपाशीच्या वावरांमधून, चिखलाने वहाणा हातात घेऊन. घरी पोचला तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि दाराशी केळीचे खांब उभे होते.

आत चौरंगावर कानबाई. नारळाला नथ, कपाळावर मळवट, अंगावर हिरवं खणाचं वस्त्र. एक डोळा चांदीचा. दुसऱ्या जागी काजळ.

"उनात, भाऊ?" शेवंताबाई म्हणाली. तिने पायांवर पाणी घातलं. तिचे केस सगळे पांढरे झाले होते. हे त्याला भिकनने सांगितलं नव्हतं.

त्याने चिंधी सोडली.

आधी शेवंताबाईने पाहिलं. मग सून प्रमिलाबाईने. मग सगळ्या बायका वाकल्या. शेवंताबाईने चांदीचा डोळा काढून हळदीकुंकवाच्या डब्यात ठेवला, काजळ पुसलं. पितांबरने समईवर लाख ऊन केली आणि स्वतःच्या हाताने एक डोळा बसवला. मग दुसरा. अंगठ्याने दाबून धरला. लाख थंड झाली, तेव्हा त्याने हात काढला आणि मागे सरकला.

"वं माय," कुणीतरी म्हणालं. "देखी ऱ्हायनी."

"मन्हाकडेच देखी ऱ्हायनी वं."

"तुन्हाकडे कसाले? तुन्हामा काय शे देखासारखं?"

हशा झाला. म्हाताऱ्या उखर्डूकाकांना दोघांनी धरून आणलं. त्यांनी नाकाजवळ नाक नेऊन पाहिलं आणि विचारलं, "चांदीना का?" "नही, काका, दगडना. नानानी करात." "कोन नाना?" "पितांबर." "तो शे का आजून?" काका म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला. पितांबरही हसला. इतकी माणसं इतक्या जवळ त्याला कित्येक वर्षांत नव्हती. कुणाचा तरी हात त्याच्या पाठीवर होता.

*

पंगत बसली. भाऊबंद भिंतीकडेने ओळीने. अभिमनने पितांबरला हाताला धरून नेलं, पण ओळीत नाही. समोर, देवीच्या उजव्या अंगाला एक पाट मांडला होता. पाटाभोवती रांगोळी. पाटावर नवं कांबळं. बाकी कुणाला कांबळं नव्हतं.

"बठा नाना. आज तुमना मान शे."

तो बसला. ओळीतल्या ताटांत रोट पडत होते, जाड, खरपूस, वर तूप. गंगाफळाची भाजी, खीर. शेवंताबाई नाव घेऊन वाढत होती. प्रमिलाबाई त्याच्याकडे आली. तिच्या हातातली परात वेगळी होती. तिने त्याच्या ताटात पोळ्या वाढल्या. पातळ, मऊ, पुरणाच्या. सणासुदीला जावयाला वाढाव्यात तशा. तिने मान वर केली नाही.

पितांबर ताटाकडे पाहत राहिला.

शेवंताबाई परात खाली ठेवून त्याच्यासमोर येऊन बसली. हळू बोलली, पण ओळीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं.

"दिवा लागेपावत सूप तसंच ठेवं मी, भाऊ. दारमा बठी ऱ्हायनू. प्रमिला म्हने, घाली टाका नानानी मूठ, येतीन सकायले. मी म्हनं, नही. आसंच म्हनी म्हनी इतला साल घाली. आनि तुमना रोट लिसन कंबरइतला पानीमा मीच हुभी ऱ्हायनू. जित्ता मानूसना नावना रोट नदीमा सोडाना म्हंजे काय, ते माले इचारा. आजून एकदाव नही व्हत मन्हाघाई."

"हिलालले ताप उना," पितांबर म्हणाला.

"व्हई."

पितांबरने पाटावरचं कांबळं सारखं केलं. मग म्हणाला, "शुक्रवारलेच निंघता येतं. एक डोळा लहान व्हयना व्हता. दुसरा त्यान्हा जोडना करत बठनू."

शेवंताबाईने देवीकडे पाहिलं. दोन्ही डोळे समईच्या उजेडात ओले दिसत होते, सुके असून.

"चांगला करात," ती म्हणाली. "कोनले जमाव नही आसा करात. पन लहान-मोठा चालतात, भाऊ. मायले लहान-मोठा डोळा चालतात. आम्हले तुम्हीन जोयजे व्हतात."

ती उठली आणि परात घेऊन ओळीकडे गेली. अभिमनने खाली मान घालून रोट मोडला. मग सगळ्यांनी मोडले.

पितांबरने पुरणपोळीचा घास घेतला. गोड होती, वेलदोडा घातलेला होता. त्याने सावकाश खाल्लं. प्रमिलाबाई आग्रह करायला आली तेव्हा नको म्हटलं नाही, अजून एक घेतली. पाहुण्याने ताटात टाकायचं नसतं. त्याने काही टाकलं नाही.

*

रोट खाल्लेले हात मोरीत धुवायचे नसतात. अंगणाच्या कोपऱ्यात हातभर खड्डा खणलेला होता. हात तिथे धुवायचे, चूळ तिथे भरायची. बोटाला लागलेला कणसुद्धा त्या खड्ड्यातच राहतो आणि नंतर वर माती लोटतात.

पुरुष उठून तिकडे गेले. पितांबर उठला तेव्हा प्रमिलाबाई तांब्या आणि तस्त घेऊन ओट्यावर त्याच्यासाठी उभी होती.

"नाना, तुम्हीन आठेच धुई ल्या. चिखल शे तठे."

त्याने तिच्या हातातल्या तस्ताकडे पाहिलं. मग ओट्याच्या पायऱ्या उतरून अंगणात गेला आणि भाऊबंदांच्या मागे, सगळ्यात शेवटी उभा राहिला. उखर्डूकाकांचे हात अभिमनने धुतले. मग अभिमनने आपले धुतले आणि मागे वळला. चुलत्याला पाहिलं आणि बाजूला सरकला.

पितांबर खड्ड्याशी वाकला. दोन्ही हात पुढे केले. नखांच्या कडेला, बोटांच्या पेरांत कुरुंदाची राखी पूड बसलेली होती. ती कशानेच निघत नसे. रोटाचं काही त्या हातांना लागलेलं नव्हतं.

मागून पावलं वाजली. शेवंताबाईने सुनेच्या हातातून तांब्या घेतला होता. ती शेजारी येऊन उभी राहिली आणि त्याच्या हातांवर पाणी घालू लागली. तो हात चोळत राहिला. पाणी खड्ड्यात जात होतं, आधीच्या पाण्यात मिसळत होतं. तांब्या रिकामा होईपर्यंत तिने धार तोडली नाही.